विकरांची मशागत

रसायनांच्या कारखान्यांत तीव्र उष्णता, प्रचंड दाब आणि दुर्मिळ धातू यांचा आधार वारंवार घ्यावा लागतो. सजीव पेशीतील विकरे, म्हणजे एन्झाइमे, तशीच किमया साध्या पाण्यात करतात. मात्र कारखान्यातील द्रावकांत ती निष्प्रभ होतात. त्यांची नवी रचना केवळ तर्काने आखणे दुष्कर ठरले, तेव्हा अमेरिकेतील फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी शेतकऱ्याचा मार्ग पत्करला: जनुकात यदृच्छया बदल घडवायचे, सरस वाण निवडायचे आणि त्यातूनच पुढची पिढी काढायची. १९९३ साली त्यांनी सिद्ध केलेले सबटिलिसिन साठ टक्के डायमिथिलफॉर्मामाइडमध्ये मूळ विकराच्या २५६ पट कार्यक्षम ठरले. २०१८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा लाभला.

मधुमेहावरील सिटाग्लिप्टिनच्या निर्मितीत ऱ्होडियम धातू आणि उच्च दाबाखालील हायड्रोजन लागत असे. २०१० साली जाहीर झालेल्या सुधारित विकराने दोन्हींची गरज संपवली. टाकाऊ पदार्थही १९ टक्क्यांनी घटले. प्रत्येक अभिक्रियेसाठी असे विकर आयते मिळत नाही. त्यासाठी चिकाटीचे संशोधन लागते. तथापि औषधनिर्मितीचा मोठा व्याप असलेल्या भारताने तो खर्च टाळू नये. नदीत विष सोडून मग ती शुद्ध करीत बसण्यापेक्षा विष निर्माणच न होऊ देणे, हाच खरा शहाणपणा होय.