स्कॅनर बिघडला की ड्रायव्हर?

श्रोतेहो, डहाणू-तलासरीकडून आमच्याकडे हल्ली तर्कशास्त्रापेक्षा संगणकाचे प्रश्न जास्त येतात. आम्हाला त्यांत फारसा फरक दिसत नाही. विंडोज १०ला मिळणारं नेहमीचं मोफत अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलं आणि अनेकांनी विंडोज ११ घेतली. आता समजा, तलासरीच्या एखाद्या सेवा केंद्रात पाड्यावरून एक बाई मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून आल्या आहेत, आणि नव्या विंडोजला स्कॅनर दिसतच नाही. ‘स्कॅनर गेला, नवा घ्या,’ असा निकाल लगेच लागतो. बाईंना मात्र परत पाठवू नका. कागद मोबाइलने टिपून पीडीएफ करता येतो.

त्या निकालाचं काय? आपल्या नैयायिकांनी अन्वय-व्यतिरेक सांगितलाय, तो इथे लावून पाहू. तोच स्कॅनर, त्याच वायरीने, विंडोज न बदललेल्या शेजारच्या संगणकाला जोडा. तिथे चालला तर स्कॅनर आणि वायर दोन्ही सुटले. मग आपल्या संगणकाच्या त्याच यूएसबी खाचेत पेन ड्राइव्ह लावा. तो उघडला तर खाचही सुटली. उरला मधला दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर. वारली बोलणारी आजी आणि कचेरीतले साहेब यांच्यामध्ये दोन दुभाषे एकदम बोलू लागले तर काय होईल? विंडोज बदलल्यावर नेमकं हेच होऊ शकतं: कंपनीचा जुना ड्रायव्हर मागे राहतो आणि विंडोज स्वतःचा वेगळा बसवते.

स्टार्टवर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या त्रिकोणावर दोनदा क्लिक केलं की कारणाचा क्रमांक दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही, १० म्हणजे उपकरण सुरू होत नाही, ३९ म्हणजे ड्रायव्हर चढत नाही. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण चालू असेल तर आधी ते दाबा. नसेल तर उपकरण ‘अनइन्स्टॉल’ करा, ड्रायव्हर पुसण्याच्या चौकटीत खूण करा, वायर काढा, संगणक पुन्हा सुरू करा. कंपनीच्या संकेतस्थळावरून विंडोज ११चा ड्रायव्हर बसवा आणि वायर शेवटी जोडा. एका वेळी एकच बदल, बरं का! चार बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

कधी कधी मात्र दुभाषाच उरलेला नसतो. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. कंपनीने ३२-बिटच ड्रायव्हर काढला असेल तर तो इथे चालणार नाही. शिवाय ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर अडवले जातात. ते संरक्षण बंद करून काम भागवतात लोक. लोकांची कागदपत्रं ज्या संगणकात आहेत तिथे आम्ही तो सल्ला देणार नाही.

जुन्यावरच विंडोज ११ चढवली असेल, तर साधारण १० दिवसांच्या आत ‘सिस्टिम’मधल्या ‘रिकव्हरी’तून मागे जाता येतं. सगळं पुसून नव्याने बसवली असेल तर ही वाट नसते. म्हणून विंडोज बदलण्याआधीच, डहाणूत चांगलं नेट मिळेल तेव्हा, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.