बरवुडची तांबडी घरे

ज्या वास्तूत कोणताही तह झाला नाही, जिच्यात कोणी राजपुरुष जन्मला नाही की कोणा संताने देह ठेवला नाही, आणि जिचे वयही पुरते सव्वाशे वर्षांच्या घरात गेलेले नाही, अशा वास्तूला समाजाचा ठेवा मानून तिचे बाह्य रूप पालटण्यापूर्वी मालकाला नगरपालिकेची परवानगी मागावी लागावी, ही गोष्ट किल्ले आणि देवालये यांनाच वारसा म्हणण्याची सवय जडलेल्या आपल्या मनाला प्रथमदर्शनी काहीशी चमत्कारिक वाटते. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या पश्चिमेस, मध्यवर्ती स्थानकापासून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत गाठता येणाऱ्या बरवुड या उपनगरात 'ॲपियन वे' असे रोमच्या प्राचीन राजमार्गाचे भारदस्त नाव धारण करणारा जो एक वळणदार रस्ता आहे, त्याच्या दुतर्फा उभी असलेली तांबड्या विटांची तीस-पस्तीस घरे नेमकी या प्रकारची आहेत. त्यांतील बहुतेक एकमजली आहेत. परंतु विस्तीर्ण बागा, उंच उतरती छपरे आणि प्रशस्त व्हरांडे यांमुळे त्यांना जो रुबाब लाभला आहे, तो कित्येक दुमजली हवेल्यांनाही साधलेला नाही.

या मिळकतीचा मूळ मालक जॉर्ज हॉस्किन्स हा लोखंडी नळांचा कारखानदार होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणींना पाणी पुरविण्यासाठी पर्थजवळच्या धरणापासून कूलगार्डी आणि कालगूर्लीपर्यंत सुमारे ५६० किलोमीटर लांबीची जी नळवाहिनी १९०३ मध्ये पुरी झाली, तिच्या नळांचा निम्मा मक्ता हॉस्किन्स बंधूंच्या पेढीकडे होता. लोखंडात मिळविलेला पैसा या गृहस्थाने जमिनीत गुंतविला. १९०३ ते १९११ या काळात विल्यम रिचर्ड्स नावाच्या रचनाकाराच्या हातून त्याने ही घरे उभारली, ती विकण्यासाठी नव्हे, तर सुखवस्तू भाडेकरूंना देण्यासाठी. आणि भाड्याची घरे म्हटली की एकाच साच्यातून पन्नास काढावीत हा जगभरचा शिरस्ता असताना याने एकासारखे दुसरे घर होऊ दिले नाही. वसाहतीच्या मधोमध रहिवाशांच्या खेळासाठी सामाईक हिरवळ राखून ठेवली. एका व्यापाऱ्याने नफ्यासाठी केलेल्या कामात इतकी कलात्मक उदारता कोठून आली, याचा उलगडा होण्यासाठी त्या दशकाकडे पाहिले पाहिजे.

१ जानेवारी १९०१ रोजी सिडनीच्या सेंटेनियल पार्कमध्ये मोठ्या समारंभाने सहा ब्रिटिश वसाहतींचे एक संघराज्य झाल्याची द्वाही फिरविण्यात आली, आणि स्थूलमानाने १८९० ते १९१५ या कालखंडातील तिकडच्या गृहरचनेला त्या घटनेवरून 'फेडरेशन' हे विशेषण चिकटले. राजकारणातील हा उत्साह घराघरांतून प्रकट झाला हे खरेच आहे. पण माझ्या मते त्यापेक्षाही प्रबळ असे दुसरे एक कारण होते, आणि ते आपल्या मुंबईला चांगलेच परिचित आहे. १८९६ मध्ये मांडवीच्या गोद्यांतून ज्या ग्रंथिक सन्निपाताने मुंबईत थैमान घातले, त्याच जागतिक साथीने जानेवारी १९०० मध्ये सिडनी बंदर गाठले. ३०३ माणसांना तिची बाधा झाली आणि त्यांपैकी १०३ दगावली. मुंबईत या संकटातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला आणि कालांतराने दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. सिडनीत सरकारने बंदरालगतच्या दाट वस्त्या ताब्यात घेतल्या, आणि ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांनी आगगाडीच्या मार्गाने पश्चिमेकडे मोकळ्या हवेचा रस्ता धरला. बरवुडला तर १८५५ पासूनच, म्हणजे त्या मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून, स्थानक होते. १९०१ मध्येच रिचर्ड स्टँटन नावाच्या जमीन-व्यापाऱ्याने जवळच्या हॅबरफील्ड येथे उद्यान-उपनगर वसविण्यास प्रारंभ केला, तेव्हा तेथे गलिच्छ वस्ती, बोळ आणि दारूचा गुत्ता या तिन्ही गोष्टींना मज्जाव असल्याची त्याची जाहिरात होती, आणि घर विटांचे वा दगडाचेच असावे व छप्पर पाटीच्या दगडाचे वा कौलांचेच असावे अशा अटीशर्ती खरेदीखतात घातलेल्या होत्या. प्रत्येक घर आपल्या स्वतंत्र बागेत, चारी बाजूंनी वारा खेळेल असे उभे असावे, या आग्रहामागे सौंदर्यदृष्टीइतकीच मरणाची ताजी आठवणही उभी होती.

आता प्रत्यक्ष घराकडे वळू. या शैलीच्या नमुनेदार घरासमोर उभे राहिले असता पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की त्याची डावी आणि उजवी बाजू सारखी नाही. एका अंगाला त्रिकोणी शिखराचा भाग पुढे सरसावलेला, दुसऱ्या अंगाला व्हरांडा मागे ओसरलेला व कोपऱ्यावरून वळून गेलेला, आणि एखाद्या ऐश्वर्यसंपन्न घरात त्या कोपऱ्यावर टोकदार टोपीचा लहानसा बुरूजही. ही बुद्ध्याच राखलेली विषमता इंग्लंडातून आली. बेलव्ह्यू हिल येथे १८८५ च्या सुमारास चार्ल्स फेअरफॅक्स याच्यासाठी बांधलेले 'कार्लिऑन' हे घर या 'क्वीन ॲन' पद्धतीचे ऑस्ट्रेलियातील पहिले मानले जाते. त्याचा पहिला आराखडा सिडनीच्या हॅरी केंटने केला आणि लंडनच्या मॉरिस ॲडम्सने तो इतका बदलला, की श्रेय कोणाचे यावरून दोघांत वाद माजला. मात्र बीज इंग्लंडचे असले तरी ऊन ऑस्ट्रेलियाचे होते, आणि इंग्लंडात ज्याची फारशी गरज नव्हती तो रुंद, सावलीचा व्हरांडा येथे घराचा प्राण झाला. त्याचे कातीव लाकडी खांब, खांबांच्या माथ्याला बसविलेल्या नक्षीदार तीरा आणि मधली जाळीदार पट्टी यांवर सुतारांनी जी कारागिरी केली आहे, ती तासभर न्याहाळावी अशी आहे.

छप्पर मात्र कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकाला पाहताक्षणीच ओळखीचे वाटेल. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाची जी युक्ती निघाली, तीच बाझल मिशनच्या कारखान्यातून 'मंगलोरी कौल' होऊन आपल्या घरांवर चढली आणि तीच मार्सेय बंदरातून जहाजांत भरून सिडनीला गेली. वुंडरलिक बंधूंच्या पेढीने १८९२ पासून ही कौले तिकडे आणली, आणि पहिल्या महायुद्धाने आयात तुटेपर्यंत तांबडे छप्पर म्हणजे फ्रान्सचेच, असा जवळजवळ नियम होता. आढ्यावर मातीचीच भाजलेली नक्षीदार कड आणि टोकाला एखादा पंखधारी राक्षस, क्वचित चक्क कांगारूही बसविलेला दिसतो. भिंतीच्या गडद विटांमधील सांध्यांवर चुन्याची दोऱ्यासारखी बारीक, उठावदार पांढरी रेघ ओढण्याचे जे काम त्या वेळचे गवंडी करीत, ते करणारे हात आता दुर्मिळ झाले आहेत.

आतील दिवाणखान्यात वर मान केली तर छतावर दाबून उठविलेल्या पत्र्याची वेलबुट्टी दिसते. तीही बहुधा वुंडरलिकचीच. परंतु नव्या राष्ट्राचे मन उघडे पडते ते तावदानांत. शिशाच्या पट्ट्यांत जडविलेल्या रंगीत काचांवर गुलाब आणि कमळे यांच्या जोडीला आता वाराटाचे तांबडेलाल फूल आणि कुकाबरा पक्षी अवतरले, आणि दर्शनी त्रिकोणात उगवत्या सूर्याचे किरण कोरले जाऊ लागले. शंभर वर्षे जे लोक आपल्या सभोवतालच्या रानाला परके मानून त्यात इंग्लंडची फुलझाडे लावीत होते, त्यांनी ते रान दारावर कोरावे, ही घटना मला संघराज्याच्या घटनापत्रकाइतकीच महत्त्वाची वाटते. विद्वानांनी पुढे या शैलीची चिरफाड करून तिच्या बारा उपशैली ठरविल्या. ॲपर्ली, अर्व्हिंग आणि रेनॉल्ड्स यांच्या १९८९ च्या मार्गदर्शक ग्रंथात ती जंत्री आहे. सामान्य प्रेक्षकाचे तिच्यावाचून अडत नाही.

या उगवत्या सूर्याचा प्रकाश सर्वांसाठी नव्हता, हेही येथेच सांगितले पाहिजे. ज्या जमिनीवर ही घरे आहेत ती वांगल या आदिवासी कुळाची भूमी, आणि कोणत्याही खरेदीखतात त्यांचे नाव नाही. संघराज्याच्या संसदेने १९०१ मध्येच जो प्रवेशनिर्बंध कायदा केला, त्यान्वये नको असलेल्या परकीयाला कोणत्याही युरोपीय भाषेतील ५० शब्दांचा उतारा ऐकून लिहून दाखविण्याचा हुकूम करता येई. ही परीक्षा १९५८ मध्ये बंद झाली आणि गोऱ्यांपुरता देश राखण्याचे हे धोरण १९७३ मध्ये पुरते निकालात निघाले. आज सिडनीच्या याच पश्चिम भागात मराठी कुटुंबे सुखाने नांदत असली, तरी ॲपियन वे बांधला जात होता तेव्हा एखाद्या मराठी गृहस्थाला तेथे भाडेकरू म्हणून राहणे जवळजवळ अशक्य होते. वारसा म्हणून घर जपायचे तर त्याच्या भिंतींबरोबर हा इतिहासही जपावा लागतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र हा सारा थाट शिळा, बोजड आणि हास्यास्पद ठरला. वास्तुकार आधुनिकतेच्या भरात होते, मोठी बाग राखणारे नोकर उरले नव्हते, आणि अशा एका घराच्या आवारात तीन मजल्यांचे भाड्याचे गाळे सहज बसत असल्यामुळे उपनगरांमागून उपनगरांत कुदळी चालू लागल्या. त्या लाटेला पहिला बांध कोणा पुरातत्त्व-खात्याने घातला नाही. तो घातला बांधकाम-मजुरांनी. १९७१ मध्ये हंटर्स हिल येथील 'केलीज बुश' हे रान वाचविण्यासाठी तेथील गृहिणींनी साद घातली, तेव्हा जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखालील मजूर-संघटनेने तेथे काम करण्यास साफ नकार दिला, आणि त्यानंतर असे 'हरित बहिष्कार' जुन्या वस्त्यांसाठीही पुकारले गेले. न्यू साउथ वेल्सचा वारसा कायदा त्यानंतर १९७७ मध्ये आला, आणि १९७९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरा या खाणगावी संरक्षणाची सनद संमत झाली.

या सनदेतील जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती अशी की वास्तूला हात लावण्यापूर्वी ती महत्त्वाची का आहे हे लेखी मांडावे लागते. 'जुनी आहे', 'सुंदर आहे' एवढ्याने भागत नाही. न्यू साउथ वेल्सच्या पद्धतीत सात कसोट्या आहेत: तिचा इतिहास काय, कोणत्या व्यक्तीशी तिचा संबंध, तिच्यात कला कोणती, लोकांना ती आपली वाटते काय, तिच्यापासून नवे ज्ञान मिळेल काय, ती दुर्मिळ आहे काय, आणि आपल्या जातीची ती उत्तम प्रतिनिधी आहे काय. शेवटच्या दोन कसोट्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात खऱ्या, पण ॲपियन वे दोन्हींस उतरतो. कारण अशी सुटी घरे सिडनीत पुष्कळ असली, तरी एकाच मालकाच्या कल्पनेतून निर्माण झालेला आणि बागा, कुंपणे, रस्त्याकडेची झाडे व मधली हिरवळ यांसह इतका अभंग राहिलेला दुसरा समूह सहसा आढळत नाही. म्हणूनच तेथे एक घर पाडले तर हानी सगळ्या रस्त्याची होते.

मालकांची तक्रार अर्थातच असते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. चुन्याच्या जागी सिमेंट भरले तर ओल विटेत कोंडून वीटच झडू लागते, म्हणून महागडा चुनेकारागीर शोधावा लागतो. व्हरांडा काचांनी बंद करून खोली काढण्यास मनाई, दर्शनी भागावर मजला चढविण्यास मनाई, नवे बांधकाम करायचेच तर मागच्या अंगाला, रस्त्यावरून दिसणार नाही असे. पण या निर्बंधांमुळेच शेजारच्या आवारात इमारत उठणार नाही याचीही हमी त्यांना मिळते, आणि अशा रस्त्यावरील घरांना ग्राहकांचा तोटा नसतो हे लक्षात घेता मालकांच्या दुःखाला मर्यादा आहे असे म्हणावे लागते. खरा अन्याय वेगळा आहे. श्रीमंतांचा वळणदार रस्ता वाचतो, आणि त्याच काळातील साध्या कामगारांच्या विटांच्या घरांवर हमरस्ते येतात. हॅबरफील्डसारख्या नामांकित वस्तीतीलही काही घरे गेल्या दशकात भुयारी महामार्गाच्या पायी पाडली गेली.

ज्या वाचकांचे मुलगे-मुली सिडनीला आहेत, त्यांनी तिकडे गेल्यावर बंदरावरचा पूल आणि नाट्यगृह पाहून झाले की एक सकाळ बरवुडसाठी काढावी. स्थानकापासून ॲपियन वे पायी जाण्याजोगा आहे, पाहण्यास शुल्क नाही, आणि घरे खाजगी असल्यामुळे फाटकाच्या आत न जाता पदपथावरूनच ती पाहावीत.