सिंधूचं रडणं आणि मोकळा गळा

खरं रडू आलं की माणसाला नीट बोलता येत नाही. गळ्याचे स्नायू आवळतात, हुंदक्यानं श्वास तुटतो. रंगमंचावरच्या नटाला मात्र रडायचंही असतं आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्दही पोचवायचे असतात. १९१९ साली ‘एकच प्याला’ या नाटकात गायक-नट बालगंधर्वांनी नायिका सिंधू उभी केली ती ध्वनिक्षेपकाशिवाय. दुःख सिंधूचं होतं, गळा तालमीत तयार झालेल्या गायकाचा.

ती तालीम होती भास्करबुवा बखल्यांची. बुवा स्वतः लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत नट होते. वयात येताना आवाज फुटला. मग फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा उस्तादांकडे त्यांनी वर्षानुवर्षं विद्या घेतली आणि ती पुन्हा रंगभूमीच्याच ओंजळीत टाकली. १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकाचं संगीत त्यांचंच.

ही तालीम गळ्यात नेमकं काय करते? पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. काळी एक पट्टीतला षड्ज, म्हणजे ‘सा’, लावला की ते सेकंदाला सुमारे १३९ वेळा एकमेकांवर आपटतात. वरच्या सप्तकातल्या तार षड्जाला दुप्पट, सुमारे २७७ वेळा. त्यासाठी लागणारा स्वरतंतूंचा ताण डोळ्यांना दिसत नाही, हातानं जुळवता येत नाही. फक्त कानानं ऐकून जमवायचा! तंबोऱ्यासमोरचा रियाज म्हणजे कानानं स्नायूंना दिलेलं शिक्षण.

श्वासाची गोष्ट तर याहून अद्भुत. छाती भरून घेतली की फुप्फुसं आपणहून आकसू पाहतात आणि हवा भसकन बाहेर जायला निघते. तिला रोखून हळूहळू सोडायचं काम श्वास घेणारेच स्नायू करतात. खर्जात एकेक स्वर लांबवताना हीच सवय अंगात मुरते. आपल्या मराठीला तिची विशेष गरज आहे, कारण क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ‘नाही’सुद्धा बहुतेकदा तिथंच. दम संपलेला नट नेमका तोच शब्द गिळतो आणि अख्खा अर्थ फिरतो.

आवाजाची फेक म्हणजेही ओरडणं नव्हे. स्वीडनमधले संशोधक योहान सुंडबर्ग यांनी ऑपेरातल्या पुरुष गायकांचे आवाज तपासले, तेव्हा सेकंदाला ३००० कंपनांच्या आसपास त्यांत खास तेज आढळलं. वाद्यवृंदाचा जोर तिथं कमी पडतो आणि माणसाचा कान त्याच पट्ट्यात फार तल्लख असतो. म्हणून एकटा गळा सगळ्या वाद्यांतून वर येतो.

अभिनयासाठी मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो ठुमरीतला बोलबनाव. एकच ओळ आधी आर्जवानं, मग रुसून, मग हताशपणे म्हणायची, शब्द न बदलता. कुठल्या अक्षरावर रेंगाळायचं, कुठे मींड घ्यायची, कुठे थांबायचं, एवढ्यावर भाव पालटतो. संवाद म्हणताना नटाला आणखी काय हवं?

एकांकिका स्पर्धेसाठी घसा ताणणाऱ्या मुलामुलींनो, गायक व्हायचं नसलं तरी चांगल्या गुरूकडे खर्ज आणि आकार शिका. आणि बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर घरगुती काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.