मामाची मुलगी किती छोन?

बाजारातल्या किमती या आठवड्यात शिकवायच्या असं ठरलं होतं, पण त्या पुढे ढकलते आहे. सांगलीच्या एका आजींचं पत्र आलं आहे आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. आजींच्या घरात मामाची मुलगी करायची रीत आहे. त्या स्वतः आत्याच्या घरी सून म्हणून गेल्या. नात कोरियन शिकते, तिच्याबरोबर आजीही कोरियन मालिका पाहतात. त्यांचा प्रश्न असा: "या लोकांत मामाची मुलगी चालते का?" नातीला उत्तर देता आलं नाही, म्हणून मला विचारलं.

आजी, चालत नाही. मामाची नाही आणि आत्याचीही नाही. का, असं एखाद्या कोरियन माणसाला विचारा. तो रीत, धर्म यांतलं काही काढणार नाही, सरळ आकडा सांगेल: "साछोनिएयो." म्हणजे, ती चार छोन आहे.

छोन हे नात्याचं माप. हाना, तूल, सेत ही देशी मोजणी आपली झाली. नात्याला ती चालत नाही, तिथे चिनी वळणाची दुसरी मोजणी लागते: इल, ई, साम, सा, ओ, युक, छिल, फाल. पैशांना आणि फोन नंबरांनाही हीच लागते, तेव्हा किमती राहिल्या तरी आकडे आजच होतील.

मोजायची पद्धत अशी. स्वतःपासून वर चढायचं, दोघांचा सामाईक पूर्वज सापडेपर्यंत. मग त्याच्यापासून समोरच्यापर्यंत खाली उतरायचं. आईबापापासून मुलापर्यंतची प्रत्येक पायरी एक. मी आणि वडील, एक. मी आणि भाऊ: वडिलांपर्यंत एक, तिथून भावापर्यंत दुसरी, म्हणून दोन. काका: वडील, आजोबा आणि खाली काका, तीन. म्हणून काका तो सामछोन, 'तीन छोन'. काकाचं मूल आणखी एक पायरी खाली, ते साछोन. वडिलांचा चुलतभाऊ ओछोन, त्याची मुलं युकछोन. मामाकडूनही पायऱ्या तेवढ्याच, फक्त आईकडचं नातं म्हणून आधी 'वे' लागतं: मामा वेसामछोन, त्याची मुलगी वेसाछोन. नवराबायकोत पायरीच नाही. त्यांना मुछोन म्हणतात, शून्य छोन.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही. माझी लेक कोरियात दिली आहे. तिच्या सासऱ्यांचं मूळ घर आन्दोंगच्या बाजूला, जुन्या चालीरीती घट्ट धरून ठेवणाऱ्या मुलखात. तिथे एका छुसॉकला, म्हणजे आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला, पूर्वजांचं पान मांडून झालं होतं, सोंगप्योन वाफवून झाले होते, बायकामाणसं भांड्यांपाशी टेकली होती. इतक्यात केस पिकलेले एक गृहस्थ आत आले आणि तिशीही न गाठलेल्या माझ्या जावयाला "आजे" म्हणाले. आजे म्हणजे त्या बाजूच्या बोलीत लांबचा काका. जावईही त्यांच्याशी अदबीनंच बोलत होता, कारण नात्याने पुतण्या असला तरी माणूस वयाने वडील.

मी व्याह्यांना विचारलं, "म्यॉत छोनिएयो?" किती छोन? हे वाक्य पाठ करून टाका, कोरियन घरात याच्यासारखा उपयोगी प्रश्न नाही. व्याह्यांनी तोंडी उत्तर दिलंच नाही. कपाटातून जोक्पो काढला, घराण्याच्या वंशावळीचा जाडजूड ग्रंथ. पानावर आडवे कप्पे, एका कप्प्यात एक पिढी, नावं चिनी अक्षरांत उभी लिहिलेली. जावयाच्या नावावर बोट ठेवून ते वरच्या कप्प्यांत सरकत गेले, इल, ई, साम. पणजोबांपाशी थांबले. मग दुसऱ्या शाखेने खाली उतरले, सा, ओ, युक, छिल. सात. थोरल्या शाखेत लग्नं लवकर होत गेली आणि पिढ्या पुढे पळाल्या, धाकटी शाखा मागे राहिली, म्हणून काका लहान आणि पुतण्या म्हातारा. नावांतही ते दिसतं. एका पिढीच्या सगळ्या पुरुषांच्या नावात एक अक्षर सारखं, पुढच्या पिढीला दुसरं. नाव ऐकलं की जाणत्याला पिढी कळते. जुन्या जोक्पोत मुलींच्या जागी मात्र जावयांची नावं लिहिलेली असतात. मुलीकडची म्हणून ते मला खुपलं, आणि मी व्याह्यांना तसं सांगितलंही. हल्ली काही घराणी मुलींची नावं घालू लागली आहेत.

ही मोजणी आठाला येऊन थांबते, आणि मला सर्वांत जास्त ओढ आहे ती या आठाची. जुन्या रीतीत घरी जेसा घालतात, म्हणजे पुण्यतिथीला पूर्वजाला जेवण वाढतात, ते वरच्या चार पिढ्यांना: वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. आपल्याकडे श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तिघांची नावं घेतात. कोरियात त्यांच्याही वर एक. खापरपणजोबांपर्यंत चार पायऱ्या वर, तिथून चार खाली, झाले आठ. एका खापरपणजोबाच्या पानापुढे जे वाकतात ते सगळे एकमेकांचे जास्तीत जास्त फालछोन. पाचव्या पिढीवरच्या पूर्वजाचं पान घरात मांडत नाहीत, वर्षातून एकदा त्याच्या थडग्यापाशी जाऊन मांडतात. घरच्या जेसाची हद्द तीच भाऊबंदांची हद्द, आणि कायद्यानेही पुढे तीच उचलली.

आजींच्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर इथेच मिळतं. आज कोरियात आठ छोनच्या आतलं रक्ताचं नातं असलेल्यांचं लग्न होत नाही, मग ते नातं आईकडून असो की बापाकडून. आधी कायदा याहून कडक होता. आडनाव एक आणि मूळगाव एक, तर लग्न नाही, छोन कितीही असोत. आपल्या सगोत्रासारखंच. आता किम्हे हे मूळ सांगणारे किम ४० लाखांहून जास्त आहेत. त्यांच्यातल्या दोन अनोळखी माणसांचं प्रेम जमलं तरी नोंदणी होत नसे. अशा जोडप्यांसाठी १९७८, १९८८ आणि १९९६ या वर्षांपुरती खास सूट द्यावी लागली. १९९७ साली संविधान न्यायालयाने हा नियम घटनेशी विसंगत ठरवला आणि २००५ मध्ये कायदा बदलला. आठ छोनची बंदीही न्यायालयात गेली. २०२२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती टिकली.

आपल्या १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही सपिंडांची मोजणी आहे, आईकडून तीन पिढ्या आणि बापाकडून पाच. मामाची मुलगी तिच्यात सापडते. पण रूढी असेल तर कायदा वाट देतो, म्हणून आजींचं लग्न कायदेशीर. कोरियन कायद्यात रूढीची अशी वाटच ठेवलेली नाही. मला आपली सोय अधिक माणुसकीची वाटते. व्याह्यांना वाटत नाही. आमचं यावर पुष्कळ बोलणं झालं आहे.

साछोन ही मात्र दोन्हीकडची दुखरी जागा. साछोनाने जमीन घेतली की पोटात दुखतं, अशी कोरियन म्हण आहे. भाऊबंदकी जाणणाऱ्याला ती फोड करून सांगायला नको. आणि अगदीच लांबचा माणूस असेल तर म्हणतात, सादोनचा फालछोन. सादोन म्हणजे व्याही. त्या घरात सादोन मीच, त्यामुळे माझ्या माहेरचं कोणी तिकडे आलं की ही म्हण हमखास निघते.

एक जपा. काका-मामा सोडले तर नातलगाला त्याच्या आकड्याने हाक मारत नाहीत. साछोन थोरला असेल तर मुलगा त्याला ह्यॉंग म्हणेल, मुलगी ओप्पा म्हणेल. आकडा तिसऱ्याला ओळख करून देताना: "उरी साछोनिएयो." आमचा चुलतभाऊ. किंवा मामेभाऊ, किंवा आतेबहीण.

घरचा अभ्यास: आजोबांच्या भावाचा नातू तुमचा किती छोन? आणि खुद्द आजोबांचा भाऊ? दुसऱ्याचं उत्तर साछोनच्याच आकड्यावर येईल, दचकू नका, मोजणी बरोबरच आहे. आकडा अंतर सांगतो, पिढी नाही. त्यांना हाक मात्र आजोबा म्हणूनच मारायची, हाराबॉजी. किमती पुढच्या आठवड्यात, आणि आता आकडे येतात तर थेट हजारांपासून सुरू करू.