पोट लहान केले, पुढे काय?

अंगाने भरलेला माणूस दिसला की ‘खात्यापित्या घरचा’ असे आपण कौतुकाने म्हणतो. तोच माणूस पुढे बांध चढताना धापा टाकू लागला की त्याची टिंगल सुरू होते. या दोन्हींत एक गोष्ट राहून जाते. अति लठ्ठपणा हा आजार आहे आणि त्याला औषधपाणी आहे.

हा आजार आता शहरापुरता राहिलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातही साधारण पाचातल्या एकाचे वजन प्रमाणाबाहेर आढळले.

आधी माप घ्या

आशाताई तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरतात, त्यात कमरेचे माप असते. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हावे. दुसरे माप बीएमआयचे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे वजन ९५ किलो असेल तर हा आकडा ३५ च्या आसपास येतो, १०९ किलोला ४०.

आहार, चालणे, औषधे करूनही वजन उतरत नसेल आणि आकडा ३५ च्या पुढे असेल तर डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. मधुमेह किंवा रक्तदाब जोडीला असेल तर त्याहून कमी आकड्यावरही विचार होतो.

शस्त्रक्रिया कोणत्या?

‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची नळी करतात. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्ही बहुधा दुर्बिणीतून होतात. भूक कमी होते, थोडक्यात पोट भरते. अनेकांचा मधुमेहही आटोक्यात येतो. पोटावरची चरबी ओढून काढणे हा प्रकार वेगळा, तो या आजारावरचा इलाज नव्हे.

खर्च मोठा आहे. आरोग्य विमा असेल तर कागद नीट वाचावा. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार अठरा वर्षांवरील रुग्णाचा बीएमआय ४०, किंवा गंभीर हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखे दुखणे असल्यास ३५ असेल, तर केवळ ‘लठ्ठपणाची शस्त्रक्रिया’ म्हणून दावा वगळता येत नाही.

खरे काम घरी

टाके सुकले म्हणजे झाले, असे समजू नका. पहिले काही दिवस पातळ, मग मऊ जेवण. पुढे अंडी, डाळ, मटकी, दही आधी, भाकरी-भात नंतर. घास बारीक चावून खायचा, पाणी जेवणासोबत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. त्यात हयगय झाली तर अशक्तपणा येतो, हातपाय बधिर होतात. खाणे सुटले तर वजनही परत चढते.

बायपासनंतर गुडघा दुखला म्हणून दुकानातली वेदनाशामक गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. तंबाखू सोडावी. दारू लवकर चढते, तीही नकोच. बायकांनी वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत. पोते उचलणे, पाठीवर फवारणीचा पंप घेणे महिना-दीड महिना बंद. म्हणून तारीख पेरणी-कापणी टाळून घ्यावी.

सगळ्यात अवघड म्हणजे पंगतीतला आग्रह. ‘अहो, एक तरी जिलबी!’ म्हणून वाढले तर अशा माणसाला उलट्या होतात. त्याच्या ताटात दोन घास असतील तर असू द्यावेत.

गावपातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने हा विषय बैठकीत घ्यावा. सरपंच-ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कंबर मोजण्याच्या दिवशी पुरुष मंडळींनाही बोलवावे. शस्त्रक्रिया झालेल्याची रक्ततपासणी वेळेवर होते ना, हे आशाताईंनी विचारत राहावे. टिंगल थांबली तर माणूस वेळेत दवाखाना गाठतो, आणि पुष्कळांना मग शस्त्रक्रियेची गरजही पडत नाही.