आकडा वाढला, खेळ वाढला का?

जळगाव-धुळ्याकडच्या हौशी बुद्धिबळपटूच्या गेल्या नऊ-दहा वर्षांकडे मागे वळून पाहताना बोलणं हटकून रेटिंगवर येतं. कोणी आठशेवरून चौदाशेवर गेला, कोणी बाराशेलाच अडकला. हा हिशेब अपुरा आहे. या काळात मोबाइलने त्याला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याच्या प्रत्येक डावाची नोंद, आणि तो खरोखर पुढे गेला का, हे तिथेच तपासता येतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, त्याच वर्षी ऑक्टोबरात बुद्धिबळावरची ‘द क्वीन्स गॅम्बिट’ मालिका आली, नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी यूट्यूबवर थेट खेळताना दिसू लागला, आणि पट सोडून दिलेले कितीतरी जण पुन्हा खेळू लागले. त्याआधी हौशी माणसाच्या वाट्याला गल्लीतले, कार्यालयातले तेच चार-पाच प्रतिस्पर्धी यायचे. मोठ्या स्पर्धेसाठी पुणं गाठायचं तर रात्रभराची बस. स्पर्धेत चाली लिहाव्या लागतात, पण दुपारच्या सुटीत खेळलेला डाव मोहरे डब्यात गेले की संपायचा. हरलेला माणूस “घोडा फुकट गेला” एवढंच सांगू शकायचा. तो कितव्या चालीला आणि कशामुळे गेला, हे कुणाच्याच लक्षात राहत नसे.

आकड्याची साक्ष का कच्ची, हे आधी पाहू. लीचेस या संकेतस्थळावर नवा खेळाडू १५०० पासून सुरू होतो, चेसडॉटकॉमची मोजणी वेगळी. एकाच माणसाचे तीन मिनिटांच्या आणि दहा मिनिटांच्या डावांचे आकडे वेगळे असतात, तेव्हा त्यातला खरा कोणता? खुद्द फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, मार्च २०२४ मध्ये रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० केली आणि दोन हजारांखालच्या खेळाडूंचे आकडे एका सूत्राने वर उचलले. त्या दिवशी कुणाचा खेळ रातोरात सुधारला नव्हता. शिवाय आकड्यात वीज आणि नेटवर्कही मिसळलेलं असतं. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात भारताचा निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं इंटरनेट तुटलं आणि घड्याळावर डाव गेले. भारताने दाद मागितली, फिडेने भारत-रशियाला संयुक्त विजेते ठरवलं. भुसावळला किंवा शिरपूरला ऐन डावात लाइट गेली, तर दाद मागायला जागा नाही. गुण गेले ते गेले.

डावांची नोंद मात्र काय बदललं ते दाखवते. सुरुवातीच्या महिन्यांतले कुणाचेही डाव उघडा, एक नमुना हमखास सापडतो. पांढऱ्याचं प्यादं ई४, काळ्याचं ई५, मग उंट सी४ वर आणि लगेच वजीर एच५ वर. लक्ष्य एफ७ वरचं प्यादं. समोरच्याने घोडा सी६ वर काढला असेल आणि आता तो गाफील राहिला, तर चौथ्या चालीला मात होते. असे दहा डाव जिंकले की आकडा भराभर चढतो. पुढे जाणकार भेटतो. तो जी६ करून वजिराला हुसकावतो, वजीर एफ३ वर येऊन पुन्हा एफ७ वर डोळा ठेवतो, तेव्हा घोडा एफ६ वर आणून वाट बंद करतो. आता काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आहेत आणि पांढऱ्याचा वजीर राजाच्या घोड्याची जागा अडवून बसला आहे. इथून खेळाडूच्या दोन वाटा होतात. एक जण नवा सापळा शोधतो. दुसरा मोहरे आधी बाहेर काढतो, वेळेत किल्लेकोट करतो, आणि त्याची हार दहाव्या चालीऐवजी चाळिसाव्या चालीला, हत्तीच्या शेवटात व्हायला लागते. या दोघांचा आकडा वर्षभर सारखाही असू शकतो, पण वाढ दुसऱ्याचीच आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांचं दप्तर धुळ्यातच जपलेलं आहे. अस्सल कागद हाती आल्याशिवाय इतिहासावर बोलू नये, ही त्यांची शिस्त इथे तंतोतंत लागू पडते.

यावर हरकत येते, की नोंद असून उपयोग काय, ती उघडतो कोण? हरलो की बोट ‘पुन्हा खेळा’वर जातं. हे खरं आहे, आणि तीन मिनिटांच्या डावांच्या नादाने विचार करायची सवय मोडते, हेही खरं. पण नोंद न वापरल्याने ती निरुपयोगी ठरत नाही. लीचेसवर संगणकाचं विश्लेषण फुकट मिळतं. रोज एकच हरलेला डाव घ्यावा, चूक आधी आपली आपण शोधावी आणि मगच संगणकाला विचारावं. ज्या गावात प्रशिक्षक नाही, त्या गावच्या माणसाला पूर्वी एवढंही शक्य नव्हतं.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. विदितने २०२३ ची ग्रँड स्विस जिंकली, दिव्याने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला, ते पटासमोर तासन्तास बसून, प्रशिक्षकांच्या हाताखाली घडून. ऑगस्ट २०२५ मध्ये अकरा वर्षांखालच्या मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा जळगावात जैन हिल्सवर भरली, तिथेही समोर माणूस आणि बाजूला टिकटिकणारं घड्याळ होतं. ज्या मुलाला तिथवर जायचंय, त्याला मोबाइल पुरणार नाही, हे मी मान्यच करतो. मी बोलतोय तो नोकरी किंवा दुकान सांभाळून रात्री दोन डाव खेळणाऱ्याबद्दल. त्याला ग्रँडमास्टर व्हायचं नाही, त्याला गेल्या वर्षीपेक्षा बरं खेळायचंय. त्याने २०२० मधले आपले वीस हरलेले डाव आणि या वर्षीचे वीस शेजारी ठेवावेत, आणि प्रत्येकात पहिला मोहरा कितव्या चालीला फुकट गेला तेवढं पाहावं. पहिल्या ढिगात तो आठव्या-नवव्या चालीला जात असेल आणि दुसऱ्यात पंचविसाव्याला, तर रेटिंग तिथल्या तिथे असलं तरी त्याने वाईट वाटून घेऊ नये. आता त्याच्यापुढचा अभ्यास हत्ती-प्याद्यांच्या शेवटाचा आहे, आणि त्याची सुरुवात नोंदीतल्या त्याच्याच हरलेल्या डावांपासून करता येते.