मानेतील ग्रंथी: आधी काढाव्यात की नंतर?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात पाळी सुटली की तळहातावर तंबाखू-चुना मळणारे कामगार पुष्कळ दिसतात. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग इतका आढळतो त्याचे तंबाखू हे प्रमुख कारण. रोग लवकर सापडला तर जिभेचा किंवा गालाचा तेवढा भाग काढून टाकतात. प्रश्न उरतो मानेचा. हा रोग पसरतो तो बहुधा प्रथम मानेतील लसीकाग्रंथींमध्ये, आणि सुरुवातीला तो हाताला लागत नाही.

मग या ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे? थांबा म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. अनेकांच्या मानेत रोग नसतोच. उगाच चिरफाड का करावी? खांद्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली तर हात वर उचलणे जड जाते. यंत्रावर उभ्या राहणाऱ्याला ते कसे परवडेल? हा वाद कित्येक दशके चालला.

जुन्या नोंदी चाळून तो का मिटला नाही? लेथवरच्या एका टूलला नरम पोलाद दिले आणि दुसऱ्याला कठीण, तर कोणते टूल जास्त टिकाऊ हे कोणताही टर्नर सांगू शकणार नाही. शल्यचिकित्सकही रोग मोठा वाटला की ग्रंथी काढत आणि लहान वाटला की थांबत. दोन्ही गट मुळातच वेगळे! म्हणून संमती दिलेला रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरने नव्हे, तर चिठ्ठीने ठरायला हवे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात नेमके हेच केले. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथी आधीच काढलेल्या २४५ जणांपैकी ८१ जणांत रोग उलटला, ५० दगावले. थांबलेल्या २५५ जणांत हे आकडे १४६ आणि ७९ होते. तीन वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण ८० टक्के विरुद्ध ६७.५ टक्के. वर्गात हा भागाकार जरूर करून घ्यावा: फरक १२.५ टक्क्यांचा, म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक जीव.

त्याची किंमतही नोंदवलेली आहे. शस्त्रक्रियेमुळे होणारे त्रास पहिल्या गटात ६.६ टक्के रुग्णांना झाले, दुसऱ्यात ३.६ टक्के.